घड्याळ, गोळी आणि वैयावृत्त्य
कंपवाताच्या रुग्णाची औषधयोजना व घरची शुश्रूषा

सांगलीच्या हळदपेठेत व्यापाऱ्याची भिस्त दोन गोष्टींवर असते, नाकावर आणि सहीवर. हळकुंड मोडून त्याचा रंग पाहायचा, वास घ्यायचा आणि भाव सांगायचा. सौदा ठरला की वहीत किंवा धनादेशावर सही करायची. चाळीस-पन्नास वर्षे पेढीवर बसलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टींचा विचारही करावा लागत नाही. नेमक्या याच दोन गोष्टी एक आजार गुपचूप काढून घेतो. आधी कित्येक वर्षे वास कमी होत जातो, आणि तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. मग अक्षर बारीक होऊ लागते. ओळीच्या सुरुवातीला ठीक असलेले अक्षर शेवटाकडे मुंगीएवढे होते. एके दिवशी सही जुळत नाही म्हणून बँकेतून धनादेश परत येतो आणि घरात पहिल्यांदा चर्चा होते, 'वडिलांना झाले आहे तरी काय?'

या आजाराचे नाव पार्किन्सन्स. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. तो पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही; परंतु नियमित औषध आणि जाणती शुश्रूषा यांच्या आधारे अनेक रुग्ण दीर्घकाळ स्वावलंबी, सन्मानाचे आयुष्य जगतात. मात्र या आजारात औषध कोणते याइतकेच ते किती वाजता दिले याला महत्त्व असते. चौविहार, एकासणे, उपवास, पर्युषण यांनी ज्यांचे घड्याळ चालते, त्या जैन कुटुंबांनी ही गोष्ट नीट समजून घेणे म्हणूनच अधिक आवश्यक आहे.

कंप नसलेला कंपवात

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांची निरीक्षणे नोंदवून या आजारावर निबंध लिहिला. पुढे फ्रान्सचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि त्याच्या बळावर आपल्या हालचाली सहज, प्रमाणबद्ध होतात. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागतात. हातापायांवर पहिले लक्षण उमटते, तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक गेलेल्या असतात.

बहुतेकांना साठीनंतर हा आजार होतो. काहींना मात्र चाळिशी-पन्नाशीतही गाठतो. हात थरथरणे हे त्याचे सर्वपरिचित लक्षण. हात मांडीवर स्वस्थ ठेवला असता बोटे माळेचे मणी ओढल्यासारखी हलतात. परंतु अनेक रुग्णांना कंप मुळीच नसतो. त्यांच्या हालचाली मंदावतात, अंग ताठरते, चालताना एक हात हलेनासा होतो, खांदा दुखतो. खांद्याच्या दुखण्यावर महिनोन्महिने शेक घेतल्यावर मूळ आजार लक्षात आल्याची उदाहरणे कमी नाहीत. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्याने मुद्रा निर्विकार होते. गिऱ्हाइकाला वाटते, शेठजी रागावले आहेत. सुनेला वाटते, सासूबाई बोलेनाशा झाल्या. आवाज खालावतो. बद्धकोष्ठता, उदासी, झोपेत हातपाय झाडणे, स्वप्नात ओरडणे हीसुद्धा याच आजाराची अंगे आहेत आणि ती काही वेळा कंपाच्या पुष्कळ आधी दिसू लागतात.

निदान होते ते मुख्यतः मज्जाविकारतज्ज्ञाच्या तपासणीवरून. हा आजार सांगणारी साधी रक्तचाचणी नाही. तपासणीला जाताना मात्र घरातली औषधांची सगळी पिशवी बरोबर न्यावी, कारण काही औषधांमुळेही कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न होतात. पित्त व गॅस यांसाठी दिल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असते. चक्कर येण्यावर सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही औषधे दिली जातात. उलटीवर मेटोक्लोप्रमाइड असते. एकदा लिहून दिलेले असे औषध दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेत राहणे ही आपल्याकडची जुनी सवय. ते वेळीच ओळखून डॉक्टरांनी बंद केले, तर पुष्कळांची लक्षणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात.

हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि बहुतांश रुग्णांमध्ये तो आनुवंशिकही नसतो. त्यामुळे घरात विवाहयोग्य मुले-मुली आहेत म्हणून वडिलांचा आजार लपवण्याचे कारण नाही. लपवण्यात उपचारांची मोलाची वर्षे मात्र निघून जातात. या बाबतीत मुंबईच्या पारशी समाजाचे उदाहरण लक्षात ठेवावे. त्यांच्या वसाहतींत घरोघर पाहणी करून १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दर लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने हा आकडा अधिक दिसतो. पण एका लहान समाजाने आपले दुखणे मोजू दिले आणि त्यातून भारतातील या आजाराच्या अभ्यासात मोलाची भर पडली.

सर्पगंधेपासून गोळीपर्यंत

या आजारावरच्या औषधाची कथा भारतीय वनस्पतींच्या जवळून जाते. सर्पगंधेपासून काढलेले रिसर्पिन हे औषध १९५० च्या दशकात जगभर वापरात आले. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी ते प्राण्यांना दिले असता प्राणी निश्चल झाले. लेव्होडोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनचे कार्य त्यातून उलगडत गेले आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएन्नातील संशोधकांनी १९६० मध्ये रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची उणीव दाखवली, १९६१ मध्ये रुग्णांवर लेव्होडोपाचा पहिला प्रयोग झाला आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. कोत्झियास यांनी तोंडावाटे वाढत्या मात्रेने ते देऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना चालते केले. हेच लेव्होडोपा १९३७ सालीच दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी कपिकच्छूच्या, म्हणजे खाजकुयलीच्या बियांतून वेगळे केले होते.

म्हणून एक सावधगिरीची गोष्ट आधीच सांगावी लागते. कपिकच्छूचे चूर्ण 'निव्वळ आयुर्वेदिक' समजून डॉक्टरांना न सांगता गोळ्यांच्या जोडीने घेतल्यास लेव्होडोपाची मात्रा दुप्पट होऊ शकते. अंग आपोआप वेडेवाकडे हलणे, भ्रम, रक्तदाब घसरणे हे त्याचे परिणाम. वैद्य आणि मज्जाविकारतज्ज्ञ या दोघांनाही एकमेकांचे औषध ठाऊक असले पाहिजे.

आजही लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची जोडगोळी हाच उपचाराचा कणा आहे. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होते. ते वाटेतच खर्च होऊ नये आणि मळमळ कमी व्हावी म्हणून कार्बिडोपा सोबत असते. गोळीच्या नावापुढे ११०, १२५, २७५ असे आकडे असतात. ते दोन्ही घटकांची बेरीज दाखवतात. ११० मध्ये लेव्होडोपा १०० व कार्बिडोपा १० मिलिग्रॅम असते; १२५ मध्ये १०० व २५; २७५ मध्ये २५० व २५. पाकिटे सारखी दिसली तरी मात्रा वेगळी असते. दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून दिलेली पट्टी आकडा पडताळल्याशिवाय घेऊ नये. नावापुढे 'सीआर' असलेली गोळी सावकाश विरघळणारी असते. तिची कधीही पूड करू नये आणि ती चावू नये.

इतर औषधे या मुख्य गोळीला साह्य करतात. प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल ही डोपामिनचे काम स्वतः करतात. रासाजिलिन व सेलेजिलिन डोपामिन लवकर नष्ट होऊ देत नाहीत. ती घेणाऱ्याने खोकल्याचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले औषध किंवा ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये. एन्टाकॅपोनमुळे लेव्होडोपाचा परिणाम लांबतो; लघवी नारिंगी होते, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अमँटाडिन अनावर हालचाली कमी करते. ट्रायहेक्सिफेनिडिल कंपावर उपयोगी असले तरी वयस्कर माणसाला त्याने विस्मरण, गोंधळ आणि लघवी अडणे असे त्रास होऊ शकतात. गोळ्यांचा परिणाम अनियमित झालेल्या निवडक रुग्णांसाठी मेंदूत विद्युततार बसवण्याची शस्त्रक्रियाही आता मोठ्या शहरांत होते.

औषधाचा रोजमेळ

लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही. दीड तासाच्या आसपास त्याचे प्रमाण निम्मे होते. आजाराच्या आरंभी मेंदूत थोडीफार शिल्लक असल्याने रुग्णाला ते जाणवत नाही. काही वर्षांनी शिल्लक संपते आणि गोळीचा परिणाम तीन-चार तासांत ओसरू लागतो. ज्याची रोकड संपली आहे त्याला दररोजच्या आवकेवरच जगावे लागते, तशी ही स्थिती. अशा वेळी नऊची गोळी दहा वाजता दिली, तर तो एक तास रुग्ण खुर्चीत जखडून बसतो. त्याला आळस आलेला नसतो आणि तो हट्टही करत नसतो.

व्यापारी घरात यावर सोपा उपाय आहे. औषधाचा रोजमेळ लिहावा. एका वहीत रोज गोळीची वेळ, जेवणाची वेळ, अंग मोकळे झाल्याची वेळ, पुन्हा ताठरल्याची वेळ, पडणे, भ्रम, शौच यांची नोंद ठेवावी. आठ दिवसांचा असा हिशेब डॉक्टरांपुढे ठेवला, की मात्रा आणि वेळ बसवणे त्यांना फार सोपे जाते. 'बरे आहे, पण कधी कधी त्रास होतो' या वाक्यावरून कोणतेच औषध नीट बसवता येत नाही.

गोळी जेवणाआधी साधारण अर्धा ते एक तास घ्यावी. कारण लेव्होडोपा आणि प्रथिने आतड्यातून एकाच वाटेने आत जातात. डाळ, दूध, पनीर, दही, कडधान्ये यांच्या भरल्या ताटाबरोबर गोळी घेतली तर गर्दीत ती मागे राहते. जैन आहारात प्रथिनांचा आधार डाळी आणि दूध हाच असल्याने ती बंद करणे अयोग्य. तसे केल्यास वजन आणि स्नायू दोन्ही घटतात. बंद न करता वेळ सांभाळावी. ज्यांना दिवसा परिणाम कमी जाणवतो, त्यांच्यासाठी डॉक्टर सकाळी-दुपारी भात, भाकरी, फळभाजी, फळे आणि डाळ-दुधाचा मोठा भाग सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात, अशी मांडणी सुचवतात. सुरुवातीला मळमळ होत असेल तर गोळीबरोबर कोरडा खाखरा चालतो. मसाला दूध मात्र नको. लोहाची गोळी लेव्होडोपापासून किमान दोन तास दूर ठेवावी.

चौविहार आणि पच्चक्खाण

हिवाळ्यात सांगलीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत चौविहार पाळणाऱ्याच्या पोटात जवळजवळ पावणेचौदा तास काहीच जात नाही. प्रकृती चांगली असलेल्या माणसाला ते मानवते. दर चार तासांनी गोळी लागणाऱ्या रुग्णाला मात्र ही रात्र फार लांब होते. त्याला कूस वळवता येत नाही, लघवीला उठता येत नाही, पहाटे पाय दुमडून दुखतात आणि सकाळी गोळी गिळण्याइतकीही हालचाल घशात उरत नाही.

यापेक्षा मोठा धोका उपवासात आहे. अठ्ठाई, अठ्ठम किंवा साध्या उपवासासाठी लेव्होडोपा एकाएकी थांबवले, तर तीव्र ताप, लाकडासारखे ताठरलेले अंग, गोंधळ, श्वासाचा त्रास आणि मूत्रपिंडावर आघात अशी जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

मग व्रतनियमांचे काय? या प्रश्नाची उपेक्षा करून चालत नाही. साठ वर्षे चौविहार पाळलेल्या माणसाला 'आता सोडा' असे सांगितले, की त्याला आयुष्याची कमाई बुडाल्यासारखे वाटते. काही रुग्ण मग घरच्यांच्या नकळत रात्रीची गोळी उशीखाली ठेवतात. परंतु पच्चक्खाणाच्या रचनेतच आगार आहेत, म्हणजे व्रत घेतानाच उच्चारलेल्या सवलती; त्यांत समाधी टिकवण्यासाठीचा आगारही आहे. तीव्र पीडेत चित्ताची समाधी ढळू नये म्हणून औषध घ्यावे लागले तर व्रतभंग होऊ नये, हाच त्याचा हेतू. चौविहाराखेरीज तिविहार व दुविहार यांची परंपराही आहे. रुग्णाने स्वतः गुरुमहाराजांजवळ आपली स्थिती सांगावी आणि त्यांच्याकडून योग्य पच्चक्खाण घ्यावे. मुलाने शंभरदा सांगून जे पटत नाही, ते गुरूंच्या एका शब्दाने मनाला शांतपणे पटते. दिगंबर परंपरेतील कुटुंबांनीही रात्रिभोजनत्याग आणि पर्वकाळातील उपवास यांबाबत मुनिमहाराजांचे मार्गदर्शन असेच आधी घ्यावे.

दुसरीकडे डॉक्टरांनाही सगळे स्पष्ट सांगावे. 'पथ्य काही नाही' एवढे म्हणून गप्प बसू नये. सूर्यास्त किती वाजता, नवकारशी किती वाजता, आयंबिल करायचे आहे का, हे त्यांना कळले तर शेवटची गोळी सूर्यास्तालगत ठेवणे, त्या वेळी सावकाश विरघळणारी गोळी देणे, पहाटेची मात्रा बदलणे असे मार्ग ते तपासू शकतात. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी गोळी किंवा वनस्पतिजन्य वेष्टनाचा पर्याय विचारावा. गुपचूप कॅप्सूल फोडून घेऊ नये. तपाची इच्छा अनावर असेल तर ज्यांत शरीराला झळ पोचत नाही अशी स्वाध्याय, मौन, द्रव्यांची मर्यादा ही तपे मोकळी आहेतच.

सट्ट्याचा मोह : गोळीचा एक दुष्परिणाम

व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावा असा एक परिणाम घरात क्वचितच बोलला जातो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही रुग्णांचा मनावरचा ताबा सुटतो. जन्मभर जपून व्यवहार केलेला माणूस एकाएकी वायद्यात मोठमोठे सौदे टाकू लागतो, शेअर बाजारात रात्रंदिवस गुंततो, नको त्या वस्तूंची खरेदी करतो, गोड अधाशासारखे खातो किंवा कामवासनेने अस्वस्थ होतो. शरमेपोटी तो हे लपवतो आणि घरच्यांना वाटते, म्हातारपणी बुद्धी फिरली. प्रत्यक्षात हा औषधाचा परिणाम असतो आणि डॉक्टरांनी मात्रा हळूहळू कमी केल्यावर तो बहुधा ओसरतो.

म्हणून अशी गोळी सुरू होतानाच पत्नीने किंवा मुलाने डॉक्टरांना याविषयी विचारावे, पेढीवरच्या मोठ्या व्यवहारांना दुसऱ्या सहीची अट घालावी आणि बँकेत बदललेल्या सहीची रीतसर नोंद करावी. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. रुग्णाची अब्रू आणि घरची पुंजी दोन्ही त्याने वाचतात.

उंबरठ्यापासून अंथरुणापर्यंत

घरच्या शुश्रूषेचा पहिला धडा उंबरठ्यावर मिळतो. चांगले चालणारा रुग्ण दारात येताच थबकतो. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. अशा वेळी हात धरून ओढू नये, ओढल्यास तोल जाऊन तो पडतो. थांबावे, सरळ उभे राहू द्यावे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार झुलवावा आणि मग 'एक, दोन' म्हणत पुढचे पाऊल मोठे टाकायला सांगावे. फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर त्या ओलांडण्याच्या निमित्ताने पाऊल सुटते. टाळीचा किंवा स्तवनाचा ठेकाही कामी येतो. चालताना त्याच्याशी बोलू नये आणि त्याच्या हातात पूजेची थाळी देऊ नये; एका वेळी एकच काम.

मंदिरात प्रदक्षिणा घालताना वळणे मोठी घ्यावीत, जागच्या जागी गिरकी घेऊ नये. खमासमणे देताना वाकून एकदम उठल्यास रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. काउसग्ग बसून करावा, वंदनही बसल्या जागी करावे. पूजेची वस्त्रे खुर्चीत बसून, आधी अधिक ताठ बाजूचा हातपाय घालून नेसवावीत. रोज सकाळी नवकार आणि स्तोत्रे मोठ्याने, खणखणीत म्हणायला लावावीत. तो जप आवाजाचा व्यायामही ठरतो.

जेवताना रुग्ण ताठ बसलेला असावा, घास लहान असावा, गिळताना हनुवटी किंचित खाली असावी. गप्पा आणि टीव्ही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते दाट करून देण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. अन्न वा पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा या आजारातला मोठा शत्रू आहे. गिळणे सुकर असते ते गोळीचा परिणाम चालू असताना, म्हणून मुख्य जेवण त्या वेळेत बसवावे.

बद्धकोष्ठतेने गोळीचे शोषणही मंदावते. संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्याने दिवसभरात उकळलेले पाणी ठरवून प्यावे. तांब्या भरून ठेवावा आणि तो सूर्यास्तापूर्वी संपला का ते पाहावे. कंदमुळे आणि पर्वतिथीला पालेभाजी वर्ज्य असली तरी दुधी, दोडका, पपई, भिजवलेल्या मनुका, इसबगोल हे मार्ग मोकळे आहेत. बेदाण्याच्या बाजारपेठेत राहणाऱ्या सांगलीकराला मनुकांचे महत्त्व सांगायला नको.

रात्री अंथरुणालगत दिवा असावा, न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे, जमिनीवर न घसरणारी चटई. सुटी पायपुसणी आणि जाजमे उचलून ठेवावीत. गुळगुळीत चादरीवर कूस वळवणे सोपे जाते. बिछान्याला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी आणि पाठ, टाचा रोज पाहाव्यात. रुग्णाला खोलीत अनोळखी माणसे किंवा मुंग्या दिसू लागल्या तर वाद घालू नये, हसू नये. दिवा लावावा, हात धरावा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवावे. अशा भ्रमांवर हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिल्यास ताठरपणा वाढतो, हे प्रत्येक डॉक्टरांना घरच्यांनी आठवणीने सांगावे.

रुग्णालयात जाताना

१८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयापासून मिरजेची वैद्यकीय ख्याती आहे. १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सांगलीकराला डॉक्टर दूर नाहीत. पण पडून हाड मोडले किंवा अन्य शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हावे लागले, की कोणत्याही मोठ्या रुग्णालयात एक अडचण येऊ शकते. तिथे औषधे वॉर्डाच्या वेळापत्रकाने दिली जातात, तर या रुग्णाला त्याच्या स्वतःच्या वेळेने लागतात. ब्रिटनमधील पार्किन्सन्स संघटनेला यासाठी 'वेळेवर द्या' अशी मोहीमच चालवावी लागली.

म्हणून एक कागद सदैव तयार ठेवावा. त्यावर प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि घड्याळाची वेळ ठळक अक्षरांत असावी. टाळायच्या औषधांत मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि हॅलोपेरिडॉल ही तीन नावे असावीत. शस्त्रक्रियेपूर्वी 'तोंडाने काही नको' असे सांगितले गेले, तर 'कंपवाताच्या गोळीचे काय करायचे?' हा प्रश्न भूलतज्ज्ञांना त्याच क्षणी विचारावा. स्वतःच्या गोळ्या बरोबर न्याव्यात आणि त्या कोण, केव्हा देणार ते परिचारिकेशी बोलून ठरवावे.

शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

आपल्या घरांत हा सारा भार बहुधा पत्नी किंवा सून वाहते. रात्री तीनदा उठणे, दिवसातून पाच-सहा वेळा गोळ्या, स्नान, जेवण आणि वर आल्यागेल्याचे प्रश्न. मुले पेढी सांभाळतात आणि औषधाचे पैसे देतात, एवढ्याने वाटणी पुरी होत नाही. आठवड्यातले दोन दिवस सकाळचे स्नान मुलाने घालावे, एक रात्र नातवाने खोलीत झोपावे, महिन्यातून काही दिवस दुसऱ्या भावाच्या घरी सोय व्हावी. पेढीवरच्या पाळ्या जशा लावतो, तशा याही लावाव्यात. शुश्रूषा करणारी व्यक्ती आजारी पडली, तर रुग्णाचे घड्याळच थांबते.

घराबाहेरचा आधारही आहे. पुण्यात रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांनी मिळून उभे केलेले पार्किन्सन्स मित्रमंडळ अनेक वर्षे सभा, सहली, व्याख्याने घेत आहे. 'आपण एकटे नाही' हे कळणे हाच तेथील पहिला उपचार. पुण्यातच नृत्यकार हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले. चालताना अडखळणारी पावले तालावर सुटतात, हे त्यातून शेकडो डोळ्यांनी पाहिले. मुंबईत मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णगटांचे जाळे चालवते. दरवर्षी ११ एप्रिलला, जेम्स पार्किन्सन यांच्या जन्मदिनी, जागतिक पार्किन्सन्स दिन पाळला जातो. त्या दिवशी एखाद्या उपाश्रयाच्या वा बोर्डिंगच्या सभागृहात सांगली-मिरजेतील दहा रुग्णकुटुंबे एकत्र बसली, तरी एका गटाची सुरुवात होते. पैसा फारसा लागत नाही. सतरंजी, हात असलेल्या भक्कम खुर्च्या आणि जिना चढावा न लागणारी जागा पुरते.

जैन दर्शनाने सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याला स्थान दिले आहे. ते कोणाचे करावे हे सांगताना तत्त्वार्थसूत्राने आचार्य आणि तपस्वी यांच्याच पंक्तीत 'ग्लान', म्हणजे आजारी, यालाही बसवले आहे. तीर्थंकर नामकर्माच्या कारणांतही वैयावृत्त्य येते. रोगी देहाविषयी किळस न बाळगणे, ही निर्विचिकित्सा, सम्यक्त्वाच्या आठ अंगांपैकी एक मानली जाते. जे वैयावृत्त्य मुनींना विहारात करण्याची आपल्याला ओढ असते, ते करण्याची संधी अनेकांच्या घरातच, आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर असते.

पर्युषणात एखाद्या घरी सून पहाटे साडेपाचला उठून सासऱ्यांना कोमट पाण्याबरोबर पहिली गोळी देते, अर्धा तास थांबते आणि अंग मोकळे झाल्यावर त्यांना प्रतिक्रमणाला बसवते. तिचा त्या दिवशीचा उपवास कदाचित घडला नसेल. संवत्सरीच्या तपस्व्यांच्या यादीत तिचे नाव वाचले जाणार नाही. आजाराने निर्विकार केलेल्या चेहऱ्याने सासरे तिला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतील, आणि आवाज इतका खालावलेला असेल की शेजारी बसलेल्यालाही तो ऐकू येणार नाही. तिला मात्र तो ऐकू येईल, कारण त्या वेळी ती त्यांच्या ओठांजवळ कान नेऊन बसलेली असेल.